मोर्च्याला कोट

मोर्च्याच्या दिवशीच फिटरच्या बायकोने त्याच्या दोन्ही पँटी साबणाच्या पाण्यात बुडवल्या.

"अगं, आज भांडवलदारांविरुद्ध मोर्चा आहे!"

"मग काल रात्री मूग गिळून बसला होतात? तो लग्नातला सूट आहे ना, घाला."

इलाज नव्हता. कारखान्याने बारा जणांना एका कागदावर घरी बसवलं होतं, आणि त्यात फिटरही होता. त्याने सूट चढवला. कोटाचं बटण पोटावर लागेना, त्यामुळे तो आणखीच साहेबी दिसू लागला.

मोर्चा पाच कारखान्यांच्या कामगारांचा होता आणि फिटरच्याच कारखान्यावर निघाला होता. फिटरच्या ओळखीचे सगळे पार पुढे, मागे सगळे परके. "वाट द्या," म्हणत तो घुसला मात्र, कुणीतरी ओरडलं, "मालकाचा माणूस! धरा!"

"अहो, मी तुमच्यातलाच!"

"कोट घालून?"

एक बाही खांद्यापाशी उसवली. तेवढ्यात हवालदाराने त्याला बखोटीला धरून कारखान्याच्या मागच्या फाटकातून आत ढकललं.

"अहो, मी फिटर आहे!"

"तेच म्हणतो, साहेब. एवढ्या फिटफाट माणसाने गर्दीत शिरू नये."

आत पंधरा दिवसांपूर्वी आलेला मॅनेजर धावत आला. "मुख्य कचेरीतून ना?"

"नाही हो, यंत्रविभागातून."

"म्हणजे तांत्रिक संचालक! बसा, बसा. ते बारा जण काढले, बरं केलं ना, सर?"

फिटरच्या डोक्यात तिडीक गेली. "काय बरं केलं? दोन नंबरचं यंत्र तुम्ही चालवणार? त्याला तेल कुठे घालतात, माहीत आहे?"

"नाही, सर."

"मग बाराच्या बारा परत घ्या! आत्ता! लेखी!"

स्वतःचाच आवाज ऐकून फिटरला घाम फुटला. मॅनेजरने लगेच सही केली आणि मोर्चेकऱ्यांना दाखवायला कागद घेऊन तो पुढच्या फाटकाकडे पळाला. फिटर मागच्या वाटेने घरी सटकला.

मुख्य कचेरीतून येणाऱ्या खऱ्या साहेबांची बॅग प्रवासात हरवली होती. चुरगळलेल्या पायजम्यात ते फाटकाशी आले आणि पोलिसांनी त्यांना मोर्चेकऱ्यांबरोबर गाडीत कोंबलं. "अरे, मी साहेब आहे!" ते ओरडले.

"इथे सगळेच साहेब, दादा. जरा सरकून बसा," शेजारचा म्हणाला.

संध्याकाळी सुटल्यावर त्यांनी मॅनेजरचा कागद पाहिला आणि मुकाट्याने त्याखाली सही ठोकली. चौकशी झाली असती, तर आपण दिवसभर कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी फिटर धुऊनही तेलाचे डाग राहिलेल्या कपड्यांत कामावर हजर झाला. मॅनेजरने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ए, बाजूला हो," म्हणत तो पुढे आला आणि युनियनच्या पुढाऱ्याशेजारी उभा राहिला.

पुढाऱ्याने फिटरला हाक मारली. "काल सगळ्यांनी लाठ्या खाल्ल्या. तू कुठे होतास रे?"

फिटरने तोंड उघडलं, मॅनेजरकडे पाहिलं आणि मिटलं. "पोट बिघडलं होतं."

"तुझ्यासारख्या कामचुकारांमुळेच मालक माजतात!"

"अगदी खरं," मॅनेजर मान डोलवत म्हणाला.