उकडलेली संध्याकाळ

"दादाचं ते काळं पडलेलं नाणं मी लख्ख करून ठेवलंय गं," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीत याद्या करत बसलेल्या दादाच्या लेकीच्या हातातलं पेन जागीच थांबलं.

"कुठलं नाणं?"

"ते मखमलीच्या डबीतलं. काय कळकट झालं होतं! निळं काय, जांभळं काय. दंतमंजन लावलं, जुना ब्रश घेतला, पाच मिनिटांत आरसा! उद्या चारचौघांत मांडायचं, तर गेलेल्या माणसाची शोभा नको व्हायला."

लेक उठली. म्हणजे उठायचं तिने ठरवलं.

त्या चांदीच्या नाण्याला वडील 'संध्याकाळ' म्हणत. एका जुन्या कागदी पाकिटात ते साठ वर्षं पडून होतं आणि कागदाच्या संगतीने त्याला हळूहळू रंग चढला होता. मध्ये फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा आणि अगदी कडेला दिवेलागणीचा निळा. वडील ते वर्षातून एकदा बाहेर काढत, तेही श्वास रोखून. लेकीने चाळिशी ओलांडली तरी त्याला बोट लावायची परवानगी तिला मिळाली नव्हती. वडील जाऊन सात आठवडे झाले होते. ती अजूनही डबी उघडायच्या आधी हात पुसायची, आणि मग उघडायचीच नाही.

उद्या सकाळी नाणेसंग्राहक मंडळाने वडिलांच्या आठवणीसाठी प्रदर्शन ठेवलं होतं. मधल्या काचेखाली 'संध्याकाळ'. आणि आज पाच वाजता भिंगकाका येणार होते. मंडळाचा नियमच होता की त्यांनी भिंगातून तपासल्याशिवाय कुठलंही नाणं काचेखाली जायचं नाही. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मग सांग ना त्यांना, आत्याने घासलं म्हणून." नाणं घासायचं नसतं हे कळल्यावर आत्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज अजून उतरला नव्हता. "मला काय फासावर देणारेत?"

"कोण विश्वास ठेवेल, आत्या? म्हणतील, घासून निघाला तो रंग लावलेलाच असणार."

आणि लोक तसं म्हणालेच असते. गेल्या काही वर्षांत कुणीकुणी नाण्यांना औषधं चोळून, भट्टीत तापवून बाजारात इंद्रधनुष्यं आणली होती आणि मंडळातले निम्मे लोक त्यात पोळले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. हे लोक आता साधं पाणीही फुंकत होते. कुणी नाणं पुढे केलं की बघायच्या आधी ते हुंगत. रविवारच्या बैठकीत पूर्वी माणसं नाणी बघायची, आता एकमेकांचे चेहरे बघायची. ज्यांच्याकडे खरोखरीचं रंग चढलेलं नाणं होतं ते ते कपाटातून काढत नसत, उगाच चोर कोण ठरणार! एकाच माणसाच्या शब्दाला मान उरला होता. लेकीचे वडील 'खरं' म्हणाले की खरं. 'रंगवलेल्या नाण्यांपासून सावध' ही चोवीस पानी पुस्तिका त्यांचीच. त्यांचंच लाडकं नाणं दंतमंजनाने पांढरं पडलं हे बाहेर फुटलं, तर खुलासा करायला ते थोडेच येणार होते?

पुस्तिका टेबलावरच होती. लेकीने ती नुसती आधाराला हातात घेतली, पानं चाळली आणि नवव्या पानावर थांबली. 'भामटे नाण्यास रंग कसा आणतात.'

"आत्या," ती खालच्या आवाजात म्हणाली, "घरात अंडी आहेत?"

'प्रथम हा नीच मनुष्य दोन अंडी बारा मिनिटे उकडतो.'

आत्याने दोन अंडी उकडत ठेवली.

'गरम असतानाच ती सोलून, काट्याने चुरून, झाकणाच्या बरणीत भरतो. या वेळी त्यास लाज कशी ती वाटत नाही.'

"मला वाटतेय," आत्या म्हणाली. "पुढे वाच."

लेकीने अंडं सोलायला घेतलं आणि हाय करून अंगठा तोंडात घातला. पुढची ओळ तिने त्यानंतर वाचली. 'सोलताना अंगठा भाजतो, म्हणून हा अधम ओले फडके धरतो.'

नाणं बरणीत गेलं. झाकण लागलं. दोघी समोर बसल्या, दवाखान्याच्या बाहेर बसतात तशा. जिन्यात पाऊल वाजलं की आत्या बरणीवर पदर टाकायची. लेकीच्या कानात वडिलांचा आवाज चालूच होता. 'अधम' म्हणताना ते चष्मा कसा वर सरकवत तेही दिसत होतं. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते, आणि बोलून बोलून तिलाच शिव्या घालत होते.

'सतराव्या मिनिटास तांबूस छटा येते. विसाव्यानंतर मोह आवरला नाही, तर रंग भडकतो.'

लेकीने ती ओळ पुन्हा वाचली. सतरावं मिनिट? बाबांना सतरावं मिनिट कसं ठाऊक? आणि तो अंगठा, तो कुणाचा भाजला होता?

"आत्या, बाबांनी कधी..." पुढचं बोलायची तिची छाती झाली नाही. मघापासून तिला लोकांची भीती वाटत होती. आता नवव्या पानाची वाटायला लागली. पाकीट, साठ वर्षं, सगळंच जर...

त्या विचारात विसावं मिनिट केव्हाच उलटून गेलं. बरणी उघडली तेव्हा आतून संध्याकाळ निघाली नाही. आत एखाद्या दुकानाची रोषणाई होती. जांभळा डोळ्यांत खुपत होता, निळा नुसता ओरडत होता. आणि वास तर घरभर.

"वासाला काहीतरी निमित्त देऊ," आत्या म्हणाली, आणि उरलेली चार अंडी तिने पातेल्यात टाकली.

पाचला पाच कमी असताना भिंगकाका आले. लांब, वाळकं शरीर, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. चार वर्षांत कुठल्याही नाण्याला त्यांनी 'खरं' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. उंबऱ्यातच त्यांचं नाक वर झालं.

"हा वास..."

"अंडी उकडलीत हो. बसा, घ्या ना." आत्याने बशी पुढे केली.

"मी आत्ताच..."

"दादा गेल्यापासून या घरात पाहुण्याने काही तोंडात घातलं नाही," आत्या अशा सुरात म्हणाली की भिंगकाकांनी मुकाट्याने एक अंडं उचललं. मग दुसरं. तिसऱ्याला नको म्हणायला त्यांनी हात वर केला आणि त्यांची नजर लेकीच्या अंगठ्यावर गेली.

"भाजला?"

"हो, थोडासा."

"ओलं फडकं धरायचं."

पातेल्यातलं पाणी तेवढं बुडबुडत होतं.

"पान नऊ," भिंगकाका म्हणाले.

लेकीने डबी त्यांच्या पुढ्यात ठेवली. पांढरं कसं झालं, मग रंगीत कसं झालं, सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "काका, नाण्याचं काय ते नंतर म्हणा. आधी मला एवढंच सांगा, बाबांनी असं कधी केलं होतं? सतरावं मिनिट त्यांना कसं माहीत?"

भिंगकाकांनी दाराकडे पाहिलं. कडी लागली आहे ना, ते पाहिलं. तेव्हा लेकीच्या ध्यानात आलं की हा माणूसही घाबरलेला आहे.

"तुझ्या बाबांना गॅस पेटवता येत नव्हता, पोरी. नववं पान माझं आहे. शिव्या त्यांच्या, कृती माझी. मला म्हणाले, तू एकदा करून बघ आणि वेळा लिहून दे, नाहीतर लोकांना ओळखायला कसं शिकवणार? बारा अंडी घालवली मी. मंडळात कळलं तर या भिंगाकडे कोण बघेल?"

"माझा रॉकेलचा स्टोव्हसुद्धा त्याला कधी पेटवता आला नाही, ते खरंच," आत्या म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

लेकीने याद्यांजवळचं एक कोरं कार्ड ओढून घेतलं.

"उद्या हेच ठेवायचं. पण खाली खरं काय ते लिहून."

"लोक काय म्हणतील?" भिंगकाकांनी विचारलं.

"म्हणू देत. बाबांच्या काचेखाली खोटं ठेवायचं, तर आधी त्यांची पुस्तिका फाडावी लागेल."

बोलायला बोलली, पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी मंडळाच्या सभागृहात ती काचेच्या पेटीशेजारी उभी राहिली. कार्डावर तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'हे नाणे चुकून घासले गेले. सध्याचा रंग काल दुपारी उकडलेल्या अंड्याने दिलेला आहे. संग्राहकाचा यात दोष नाही.'

पहिला आला एक निवृत्त पोस्टमास्तर. त्याने कार्ड वाचलं, नाणं पाहिलं, पुन्हा कार्ड वाचलं. लेकीने श्वास रोखला.

"वा!" पोस्टमास्तर म्हणाला. "गेले, पण परीक्षा घ्यायची सवय काही गेली नाही!"

"परीक्षा?"

"खरं नाणं ठेवायचं, खाली खोटं म्हणून लिहायचं, आणि आम्ही फसतो का ते बघायचं. आम्ही काय इतके कच्चे?"

"अहो नाही, खरंच रंगवलंय."

तोवर मागे दहाजण जमले होते. गेली चार वर्षं जी माणसं खऱ्या नाण्यांना नाकं मुरडत होती, ती काचेवर कपाळं टेकून उभी होती.

"निळा बघा निळा! हा माणसाच्या हाताने येणं शक्य नाही."

"मी घासलंय ते, या हातांनी!" आत्या ओरडली.

"काय आत्याबाई, तुम्हीपण सामील?"

कुणीतरी भिंगकाकांना पुढे ओढलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पाहिल्यासारखं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "रंगवलेलं."

सगळे हसले. "तुम्ही काय, सगळ्यांनाच म्हणता!"

"खोटं आहे हो हे!" लेकीचा आवाज चिरकला. पोस्टमास्तराने तिच्या हातावर हात ठेवला.

"बाळ, त्यांच्या घरातून खोटं बाहेर पडायचं नाही."

या एका वाक्यासाठी कालपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. ते मिळालं, आणि आता तेच तिला खोडून काढायचं होतं. प्रदर्शन सहापर्यंत होतं. तिने एक खुर्ची ओढली, पेटीशेजारी मांडली आणि येईल त्याला सांगत बसली.

दुपारी एक अनोळखी गृहस्थ आले. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"हे खरं आहे का हो?"

"नाही," लेक म्हणाली. तिचे हात अजून थरथरत होते.

"वाटलंच मला, खरं असणार," ते समाधानाने म्हणाले. "खोट्या नाण्याचा मालक कधी एवढा घाबरलेला नसतो."