मिटल्या डोळ्यांचा दिवा

सर्व तेजांचे मूळ जो परमेश्वर, त्याला प्रथम वंदन करतो. कार्तिक लागला आहे, घरोघरी पणत्या धुऊन उन्हात ठेवल्या आहेत, आणि दिव्यांच्या या महिन्यात एका दिवेवेड्या गृहस्थाचे चरित्र लिहावे असे मनात आले. देवालाही ते मान्य व्हावे. या गृहस्थाने देवापुढे हात जोडायचे कधी टाळले असतील, दिव्यापुढे कधीच नाही.

अच्युतराव देवस्थळी सायकलचा दिवा डोळे मिटून पारखतात. ही अतिशयोक्ती नव्हे. दिल्लीतल्या मुनिरक्याच्या सायकलवाल्याच्या दुकानात ते प्रथम चष्मा काढतात, खिशात ठेवतात, डोळे घट्ट मिटतात आणि आज्ञा करतात, "हाँ, अब जलाइए."

"अंकलजी," दुकानदार काकुळतीला येतो, "आँख बंद करके साइकिल कौन चलाता है?"

"चलाने का सवाल नहीं है. दिखने का है."

मग सोबत आलेल्याची पाळी. बहुधा तो मीच असतो. मी निवृत्त संस्कृत शिक्षक, आर. के. पुरमात मुलीच्या सरकारी घरी राहतो, आणि समोरच्या इमारतीत अच्युतराव आपल्या मुलाच्या, मिलिंदच्या, सरकारी घरी राहतात. "शास्त्रीबुवा, मिटा डोळे. काय दिसतं?" पापण्यांच्या आत मंद तांबूस काही उमटले तर मी तसे सांगतो. ते मान हलवतात. "मंद? मग नको. उघड्या डोळ्यांना काजवासुद्धा दिसतो हो. मिटल्या डोळ्यांना दिसेल तो दिवा!"

हे त्यांचे ब्रह्मवाक्य. ते कॉलनीतल्या प्रत्येकाने किमान एकदा तरी ऐकले आहे.

त्यांच्या दिव्यांचा इतिहास मी जवळून पाहिला आहे. आरंभी चाकाला घासून चालणारा डायनॅमो होता. सायकल थांबली की तोही विझे. मग सेलवरचा दिवा आला, मग एलईडी, मग त्याहून मोठा एलईडी, आणि शेवटी मोबाइलसारखा चार्ज करावा लागणारा, मुठीएवढा, मोटारीला लाजवणारा दिवा. जुना दिवा बिघडला म्हणून नवा घेतला असे मात्र एकदाही घडले नाही. चांगले चालते दिवे ते काढून टाकीत. ते कुठे जात? कॉलनीतल्या ज्या मोलकरणी अंधार पडल्यावर सायकलने घरी जात, त्यांच्या हँडलला.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "डोळे मिचकावणारा दिवा चारित्र्याचा नव्हे," असे ते म्हणत. मागचा तांबडा दिवा त्यांनी लावला खरा, पण आदराने नव्हे. "मागचा दिवा म्हणजे विनंती, शास्त्रीबुवा. धडकू नका, कृपा करा. पुढचा दिवा म्हणजे घोषणा!"

ही घोषणा पुष्कळांना सोसवेना. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्माजींच्या पडद्यावर संध्याकाळी अकस्मात सूर्योदय होई. रहिवासी संघाच्या सेक्रेटरीने समज दिली, तेव्हा अच्युतराव उत्तरले, "वर्माजी को बोलिए, अर्घ्य दें." एकदा रिंग रोडजवळ समोरून एक मोठी मोटार पूर्ण झोत टाकीत आली. अच्युतराव सायकलवरून उतरले, रस्त्याच्या कडेला ठाम उभे राहिले आणि आपला दिवा थेट चालकाच्या चेहऱ्यावर धरला. दोघांनीही हार मानली नाही. अखेर मोटारीचा झोत खाली गेला. "पाहिलंत?" ते मला म्हणाले. "नम्रता समोरच्याकडून सुरू झाली पाहिजे."

अशा पुरुषाला लगाम घालण्यासाठी मिलिंदने युक्ती केली. वडिलांना उत्तमोत्तम दिवा घेऊन दिला की ते शांत होतील, अशा सद्भावनेने त्याने एक स्वयंचलित दिवा आणला. अंधार पडू लागला की तो आपोआप लागे. मिलिंद दिल्लीत वाढलेला; एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. दिवा लागला की हात जोडायचे, हा संस्कार अच्युतरावांच्या रक्तात आहे. घरातली ट्यूब लागली तरी ते पुरुषसूक्त ऐकल्यासारखे हात जोडतात. त्या संध्याकाळी ते वेगात चालले होते. झाडांखाली सावली दाटली, दिवा आपोआप लागला, आणि अच्युतरावांनी भक्तिभावाने दोन्ही हात जोडले.

मेंदीच्या कुंपणातून त्यांना बाहेर काढले तेव्हा गुडघा सुजला होता. "पडलो नाही," ते गर्जले, "नमस्कार केला!"

मिलिंदने मात्र ते पडणेच मानले. "शास्त्रीबुवा, प्लीज, तुम्हीच समजवा बाबांना," तो माझ्याकडे येऊन म्हणाला. "माझं तर बिल्कुल ऐकत नाहीत. दिवाळीच्या आत सायकल विकतोय मी. रोज संध्याकाळी जायचंच असेल तर ऑटोने जाऊ देत ना, यार." मग मी वडीलधारा आहे हे आठवून त्याने जीभ चावली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, भय होते. मी निरोप पोचवण्याचे मान्य केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर अच्युतराव कुंपणातून सुखरूप वाचलेल्या सायकलचा स्वयंचलित दिवा काढून त्या जागी आणखी एक नवा दिवा लावून बसले होते. इमारतीतल्या सगळ्यांना बोलावून, डोळे मिटायला लावून, त्यांनी तो दाखवला. पोस्टमनही सुटला नाही. सूर्य कलल्यावर म्हणाले, "निरोप आणलाय ना? चला, चालता चालता सांगा. गुडघ्यामुळे आज सायकल हातात धरूनच न्यायची आहे."

"पण इतक्या हट्टाने जायचे कुठे?" मी विचारले. "आणि ऑटोने का नाही?"

"ऑटोचा दिवा कोणाचाही असतो," एवढेच ते बोलले.

रस्ता ओलांडून आम्ही मुनिरक्याच्या गल्ल्यांत शिरलो. दोन्ही बाजूंची घरे वर इतकी पुढे आलेली की आकाशाची फक्त एक चिंधी उरते. तिथे अच्युतराव प्रथमच संथ आवाजात बोलले.

"बावतीस इथे राहतो. वसईचा. आम्ही दोघे एकाच आठवड्यात दिल्लीत नोकरीला लागलो, इथेच एका खोलीत राहिलो. मी स्टोव्ह पेटवायचो, तो भात करपवायचा. माझं लग्न झालं, मला क्वार्टर मिळालं. तो इथेच राहिला, एकटा. आता त्याचे डोळे जातायत, शास्त्रीबुवा. हळूहळू. माणसं दिसेनाशी झाली, मग अक्षरं, मग दारं. उजेड तेवढा कळत होता. म्हणून मी रोज दिवेलागणीला खिडकीखाली येतो आणि दिवा वर धरतो. तो म्हणतो, दिसला. मग मी वर जातो, चहा करतो."

मी थबकलो. सगळे दिवे माझ्या डोळ्यांपुढून गेले. डायनॅमो, सेलवाला, एलईडी, मोठा एलईडी.

"हो," ते म्हणाले, "जुना दिसेनासा झाला की नवा. डॉक्टर म्हणतात, अंधार येणारच. येऊ दे की! पण माझ्या देखत असा फुकटात घुसू देणार नाही मी त्याला. प्रत्येक पावलाला भांडेन."

इतक्यात गल्लीतली वीज गेली. वरून विद्यार्थ्यांचा एकच ओरडा झाला. आम्ही एका दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली पोचलो होतो. अच्युतरावांनी घंटी वाजवली, सायकलचे पुढचे चाक उचलून दिवा वर रोखला आणि बटण दाबले.

काही झाले नाही. पुन्हा दाबले. दुपारभर वर्माजींपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना उजळवण्यात त्याची शक्ती संपली होती. त्या काळोखात मला त्यांचा हातही दिसत नव्हता. बटणाची टकटक फक्त ऐकू येत होती.

वर खिडकीचे दार करकरले.

"दिसला रे दिसला!" एक वृद्ध, खणखणीत आवाज खाली आला. "अच्युत्या, लेका, आज कुठला आणलास? डोळे दिपले की माझे!"

टकटक थांबली.

अच्युतराव किती दिवसांपासून हे मनाशी जाणून होते, की त्यांना त्याच क्षणी कळले, हे मी आजही सांगू शकत नाही. पण त्यांचा आवाज तसूभरही ढळला नाही.

"मग! सांगितलं नव्हतं तुला? नवाच आहे. मिटल्या डोळ्यांनाही दिसतो!"

"दिसतोय ना. ये वर. दूध आणून ठेवलंय."

आणि मग सायकल कलली. मी हँडल धरले म्हणून ती दगडांवर आदळली नाही. एव्हाना डोळे काळोखाला थोडे सरावले होते; पाहिले, तर अच्युतरावांनी खिडकीकडे तोंड करून, त्या न लागलेल्या दिव्याला, दोन्ही हात जोडले होते.

मिलिंदचा निरोप मी सांगितला नाही. परतताना ते म्हणाले, "उद्या दुकानात यायचं, शास्त्रीबुवा. याहून मोठा असणारच." मी होकार दिला. रात्री मिलिंदला बोलावून पाहिले ते सांगितले, आणि म्हटले, "बाळा, सायकल विकू नकोस. आपोआप लागणारा दिवा तेवढा पुन्हा लावू नकोस. आणि गुडघा बरा झाला तरी मी सोबत जात जाईन. नमस्काराच्या वेळी कोणीतरी हँडल धरायला हवे." तो म्हणाला, "दिवा चार्ज करायचं काम माझं."

वाचकहो, आपल्या घरी सांजेला दिवा लागो. तो लावणारा हात खंबीर राहो. आणि कधी तो नाही लागला, तर खिडकीतून "दिसला" म्हणणारे एक माणूस आपल्या घराला लाभो, हाच माझा आपणांस व आपल्या कुटुंबीयांस आशीर्वाद.