अर्धी खाच

जुन्या रायफलींतलं मला कळतं. ही काही बढाई नाही, माझी बायको डार्लासुद्धा तुम्हाला हेच सांगेल. (ती जरा वेगळ्या सुरात सांगते, पण सांगते.) पोटासाठी मी गाड्यांच्या नंबरप्लेटी देणाऱ्या कचेरीत कारकुनी करतो, पण जीव माझा लष्कराच्या मोडीतून निघालेल्या बंदुकांत. अमेरिकेत, आमच्या इंडियाना राज्यात घरटी एखादी असतेच, त्यामुळे फुकटचा सल्ला द्यायला मला गिऱ्हाईक कमी पडत नाही.

अडचण एकच होती, टोपीची. आमच्या गावात रायफली जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यात शिरायचं तर शरदातल्या प्रदर्शनात चारचौघांसमोर एक रायफल पारखून दाखवावी लागते. पारख जमली की मंडळाची हिरवी टोपी मिळते. ती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे अध्यक्ष ठरवतात, आणि अध्यक्ष म्हणजे माझे सासरे वर्लिन. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी बोडक्या डोक्यानंच हिंडत होतो.

खरं तर सासऱ्यांनी मला पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. डार्लाला सिनेमाला न्यायला मी प्रथम त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते व्हरांड्यात मांडीवर मासे धरायच्या गळाची लांब काठी घेऊन पुसत बसले होते. (गडबडीत माझा चष्मा घरी राहिला होता, पण गळ तो गळच.) मी ऐसपैस खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "लागतात का हो इथं मासे?" त्यांचं फडकं जागीच थांबलं. मग म्हणाले, "येतात. पण बहुतेक पळून जातात." आणि त्या रात्री त्यांनी मला जेवायला ठेवून घेतलं. माणसाची पारख म्हणतात ती ही.

यंदा मात्र त्यांनी आपणहून कोठारातलं एक लांबडं खोकं काढलं आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "घे. काय आहे ते प्रदर्शनात सांग." आत ग्रीसमध्ये माखलेली रशियन रायफल होती. मी बोट फिरवलं, वास घेतला आणि जागच्या जागी निकाल दिला की हे ग्रीस थेट कारखान्यातलं, युद्धानंतर हिला माणसाचा हात लागलेला नाही. सासरे "असं होय" म्हणाले आणि गाईंना चारा घालायला निघून गेले.

आता लाकडात मुरलेलं ग्रीस काढायचा नामी उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला ओव्हन. मंद आचेवर रायफलीचा लाकडी दस्ता ठेवायचा, लाकडाला घाम फुटला की पुसायचं. आमच्याकडं सगळे जाणकार असंच करतात आणि बायकोला सांगायचं तेवढं सगळेच विसरतात. डार्ला बहिणीकडं गेली होती. मी दस्ता भाजून काढला, ओव्हन फडक्यानं पुसला, खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी डार्लानं त्याच ओव्हनमध्ये आईवडिलांसाठी सफरचंदाचा पाय, म्हणजे सारण भरून भाजतात तो गोड पदार्थ, केला. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, कुठं ट्रॅक्टर गळतोय का. सासऱ्यांनी तेवढा दुसऱ्यांदा मागून घेतला. डार्लानं माझ्याशी बोलणंच टाकलं.

पण त्याचं दुःख करायला मला सवड नव्हती. ग्रीस गेल्यावर दस्त्यावर ओळीनं कोरलेल्या खाचा दिसल्या होत्या! सहा पुऱ्या, आणि शेवटी एक अर्धी.

आमच्या धंद्यात एक नियम आहे: रायफल घ्यावी, तिच्याबरोबरची गोष्ट घेऊ नये. हा नियम मी शेकडो लोकांना ऐकवलाय. (नियम लोकांसाठीच असतात.) मी ताडलं, ही कुण्या नेमबाज रशियन जवानाची रायफल. एक शत्रू, एक खाच. आणि सातवी कोरता कोरताच त्याला गोळी लागली. मला भरून आलं. डार्लाला हाक मारून सगळं सांगितलं. तिनं खाचा एकेक करून मोजल्या. मग त्या सफरचंदाच्या प्रकरणानंतर प्रथमच तोंड उघडून म्हणाली, "हे तू बाबांसमोर सांगणार आहेस?"

"सगळ्या हॉलसमोर."

"मग मीही येते," ती म्हणाली. बायकोचा राग असा कर्तृत्वापुढं विरघळतो.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मी काय बोललो ते अजून लोक काढतात. मी त्या जवानाला नाव दिलं, म्हातारी आई दिली, गुडघाभर बर्फ दिला. परीक्षक विल्माबाईंनी डोळे पुसले, मग चष्मा लावून विचारलं, "ऑर्विल, गोष्ट छान आहे. पुरावा?"

"पुरावा लाकडात आहे," मी म्हणालो. "माझा शब्द लिहून ठेवा."

सासरे सावकाश उठले.

"रायफल रशियन आहे, तेवढं बरोबर," ते म्हणाले. "मी ती टपालानं मागवली होती. ग्रीस मीच थापलं, डार्लाच्या लग्नाच्या आठवड्यात. म्हटलं, आता हिचं काम संपलं."

"बाबा, आणि खाचा?" मी विचारलं.

त्यांनी एकेका खाचेवर बोट ठेवलं. ही हार्डवेअरवाल्याच्या पोराची, तो कुंपणावरून उडी मारून पळाला. ही बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा त्याची, तो फुलं टाकून पळाला. डार्लाला न्यायला आलेला जो जो पोरगा व्हरांड्यात त्यांना ही रायफल पुसताना बघून पळाला, त्याची एकेक. मी डार्लाकडं पाहिलं. ती छत निरखत होती.

मी तरीही हार मानणाऱ्यातला नव्हे. "आणि ही अर्धी?"

"ती कोरायला घेतली होती," सासरे म्हणाले. "पण गडी पळेचना. चष्मा नव्हता त्याच्या डोळ्यांवर. खुर्ची ओढून बसला आणि मलाच विचारतो, मासे लागतात का. ज्याला बंदूकच दिसत नाही त्याला भिववायचं कसं? शेवटी आत बोलावून जेवायला वाढलं."

हॉलमध्ये हसू फुटलं ते बराच वेळ थांबेना. विल्माबाईंनी पुन्हा डोळे पुसले, पण या वेळी कारण वेगळं होतं.

टोपी अर्थातच मिळाली नाही. पण रायफलीला मात्र त्या प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस मिळालं, पुराव्यासह खरी हकीकत म्हणून. पुरावा म्हणून प्रदर्शन संपेपर्यंत मला टेबलाशेजारी उभं केलं होतं. लोकांची खात्री पटावी म्हणून माझा चष्मा डार्लानं पर्समध्ये ठेवला होता.