आठी खोटं बोलत न्हाय

चष्म्याचा नंबर काढताना तुम्ही कधी खोटं बोलला आहात का? नाही म्हणू नका. समोरचा माणूस काच बदलतो, "हे बरं, का मगाचं?" विचारतो, आणि काडीचा फरक कळला नसला तरी आपण लाजेकाजेखातर ठोकून देतो, "हे बरं."

सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या सिद्रामअप्पांपुढे हे चालत नाही. चाळीस वर्षं ते आपल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतायत, आणि मुद्दाम दोन्ही वेळा तीच काच दाखवतात. "मगाचं बरं होतं" म्हणालात की मेलात! "तोंडाचं मला सांगू नका," ते म्हणतात, "मी कपाळ बघतो. बरोबर काच लागली की आठी जाती. आठी खोटं बोलत न्हाय."

ही खोड दुकानात थांबत नाही. मंडईत ते एका डोळ्यावर तळहात धरून वांगी निवडतात. पाहुण्याला तीच शेंगाचटणी दोनदा वाढून विचारतात, "ही बरी, का मगाची?" आणि निर्णय झालाच नाही तर त्यांचा कायदा ठरलेला: "दोन्ही सारखं वाटलं तर हलका नंबर. उगं डोळ्यावर ओझं न्हाय टाकायचं." घर, फ्रिज, सगळं याच कायद्यानं आलं.

त्यांची मुलगी भाग्यश्री. आई ती लहान असतानाच गेली, घरात दोघंच. बारावीनंतर भाग्याला ऑप्टोमेट्रीसाठी, म्हणजे डोळे तपासायच्या शिक्षणासाठी, दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक पुण्यात, म्हणजे सकाळी गाडीत बसलं की दुपारी घरी जेवायला. दुसरं थेट तमिळनाडूत.

मुलींनीच जवळचं का घ्यायचं, या विषयावर माझं रक्त नेहमी तापतं. मी जिन्यातच भाषण पाठ करत त्यांच्या घरी गेलो. "बस की गप," म्हणून अप्पांनी मला स्टुलावर बसवलं. भाग्याच्या नाकावर तपासणीची ती जड गोल फ्रेम होती, दोन्ही डोळ्यांपुढं काळ्या चकत्या.

"नुसतं ऐक. पहिलं. पुणं. दर रविवारी घरी. अप्पाच्या हातची आमटी."

"आमटीची भीती घालू नका, अप्पा."

"दुसरं. तमिळनाडू. भाषा न्हाय, भाकरी न्हाय. पण पहिल्या वर्षापासनं पेशंट. खेड्यापाड्यात जाऊन तपासायचं." ते थांबले. "हे बरं, का मगाचं?"

"सारखंच वाटतंय."

सारखंच, म्हणजे हलका नंबर, म्हणजे पुणं! मी भाषणासाठी उठलो. पण अप्पांनी क्रम उलटा करून पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश.

"सारखंच आहे की ओ!"

अप्पांनी तिच्या नाकावरची फ्रेम हळूच काढली. "तमिळनाडू म्हटलं की आठी जाती तुझी. तिन्ही वेळा गेली. माझ्यापाशी खोटं बोलतीस व्हय गं?"

भाग्याचे डोळे भरले. "मग तुमचं कसं व्हायचं, अप्पा?"

"मी तुझा नंबर काढतोय. तू माझा काढू नको."

चाळीस वर्षांचा कायदा त्यांनी एका वाक्यात मोडला. माझं भाषण खिशातच राहिलं.

भाग्या तिकडं खूश आहे. तमिळमध्ये "हे बरं, का मगाचं?" विचारायला शिकली, हे अप्पा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगतात. त्यांचंही बरं चाललंय. फक्त हल्ली एका माणसाचा नंबर काढायला त्यांना अर्धा तास लागतो. तीच काच पाच-पाच वेळा दाखवतात. "आणखी एकदा बघू की, घाई काय हाय?"

परवा मीच त्यांना विचारलं, "अप्पा, भाग्या इथं होती ते बरं, का आत्ताचं?"

"सारखंच," काच पुसत ते म्हणाले.

मी कपाळाकडं बघितलं. आठी होती.

तुमच्या गल्लीतही असा एखादा चष्मेवाला असेल. तुमचा नंबर बदललेला असो नसो, या आठवड्यात त्याच्या खुर्चीत जाऊन बसा. तो विचारेल, "हे बरं, का मगाचं?" पटकन उत्तर देऊन उठू नका. म्हणा, "कळलं नाही. आणखी एकदा दाखवा."