तीन रेघांचे आबा

निफाडकडे आई-वडील लोकांच्या द्राक्षबागेत मजुरीला जायचे. घरात सहीच्या जागी अंगठा. त्या घरातली पहिली बी.ए. मी. त्यामुळे अक्षरांची थट्टा मी सहसा करत नाही. पण नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीतल्या, तळमजल्यावरच्या आबांनी तीही वेळ आणली.

आबा माणसांना झाडं वाटून देतात. आयर्लंडमध्ये म्हणे फार जुनी लिपी होती. दगडाच्या कडेवर नुसत्या रेघा आणि प्रत्येक अक्षराला एकेक झाड. आबांचा मुलगा तिकडे असतो. नातीने शाळेत शिकलेली ही लिपी व्हिडिओ कॉलवर दाखवली, मुलाने मध्ये बसून समजावली आणि आबा बिघडले.

"दीपा, तुझं नाव 'द' वरून. तू ओक."

"आबा, ओक पाहिलाय कधी?"

"द्वारका चौकातल्या नर्सरीत बी नाय मिळाला. तोवर बाभूळ समज."

चेअरमन हिंमतरावांच्या वाट्याला काटेरी झुडूप आलं. तेव्हापासून बोलणं बंद.

मग फाटकाजवळच्या दगडी खांबाच्या कडेवर आबांनी छिन्नीने तीन रेघा कोरल्या. आ, ब, आ म्हणजे 'आबा'. दुसऱ्या दिवशी, आता माझ्याकडेच राहणाऱ्या माझ्या आईने तिथे हळदकुंकू वाहिलं. मंगळवारपर्यंत शेंदूर चढला, नारळ फुटला. हिंमतराव येता-जाता हात जोडू लागले.

"अक्का, ते माझं नाव हाय, देव नाय!" आबा आईला म्हणाले.

"नाव पाटीवर असतं, भाऊ. दगडावर देवच असतो."

आबांनी नाद सोडला. पण नात आज सुट्टीला येतेय असं कळलं, तसे ते ब्रश घेऊन खांब घासायला बसले. आई कडाडली, "देव खरवडताय व्हय?"

आबा हळूच म्हणाले, "पोरीला मराठी येत नाय, मला इंग्रजी. मागल्या सुट्टीत नुसते हसत बसलो एकमेकांकडं. तिनं अजून मला हाक मारलेली नाय, अक्का. रेघा बुजल्या तर मला वाचंल कशी?"

आई आत जाऊन खोबरेलाची बाटली घेऊन आली. "पाण्यानं नाय निघत शेंदूर. सरका."

रिक्षातून उतरलेली मुलगी आधी बापाच्या मागे लपली. मग तिला खांब दिसला. ही लिपी खालून वर वाचतात, झाडावर चढल्यासारखी. तिचं बोट तेलकट कडेवरून चढत गेलं. पाइन, बर्च, पाइन.

"आ... बा?"

आबांच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

नातीने आजोबांना हाक मारली.