कुठेही न थांबता

मोटरसायकल मालक संघाच्या घटनेनुसार सदस्यत्वासाठी मोटरसायकल मालकीची असणे आवश्यक आहे. ती चालू असणे आवश्यक नाही. ही तरतूद पूर्ण विचारांती केलेली आहे. संघातल्या सगळ्या मोटरसायकली ज्या एकाच कारखान्याने बनवल्या तो कधीच बंद पडला आणि त्याच्या पाठोपाठ बहुतेक मोटरसायकलीही बंद पडल्या. दर रविवारी सदस्य आपापली गाडी ढकलत मैदानावर आणतात, स्टँडवर लावतात, आळीपाळीने किका मारतात, घाम पुसतात, आणि पूर्वी लोखंड कसे असायचे यावर चर्चा करून गाडी ढकलत घरी नेतात. ज्यांना ढकलवत नाही त्यांच्या गाड्या टेम्पोतून येतात. टेम्पोवाल्याला संघाने मानद सदस्य करून घेतले आहे, कारण संघात नेमाने धावणारे वाहन तेवढे एकच.

संघाचे सेक्रेटरी व्यवसायाने चष्मेवाले. सेक्रेटरी व्हायची त्यांना हौस नव्हती. पण संघाचे संस्थापक-अध्यक्ष म्हणजे त्यांचे सासरे, आणि मुलीबरोबर सासऱ्यांनी आणखी काय काय दिले हे जावयाला नेहमी उशिराच कळते.

ऑनलाइन ज्ञानकोशात या संघावर एक छोटा लेख होता. कोणा सदस्याने तो कधीकाळी लिहिला होता आणि त्यात एकही खोटे वाक्य नव्हते. 'सभा रविवारी भरते. चहा ज्याने त्याने आपापला आणायचा असतो.' असा सगळा मजकूर. सासऱ्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी गाडीवर बसायला मनाई केली, आणि तेव्हापासून हा लेख त्यांचा जीव की प्राण झाला. सकाळी उठले की मोबाईल उघडून संस्थापक म्हणून आपले नाव जागेवर आहे ना ते बघायचे आणि मग तोंड धुवायचे. भेटायला येईल त्याला ते तो वाचून दाखवत. घरी येणाऱ्या नर्सचा तर तो पाठच झाला होता.

एके दिवशी लेखाच्या डोक्यावर पिवळी पट्टी उगवली. 'हा विषय दखलपात्र असल्याचे दिसत नाही. लेख वगळण्याचा प्रस्ताव आहे.' खाली नाव होते 'चिकित्सक'. ज्ञानकोशात कोणी आईबापांनी ठेवलेले नाव लावत नाही, कारण तिथे जबाबदारीने वागायचे असते.

"अप्पांनी वाचलं का ते?" बायकोने विचारले.

"नाही. त्यांचा चष्मा मी दुरुस्तीला म्हणून दुकानात आणून ठेवलाय. आठवडाभर काही वाचता यायचं नाही त्यांना."

"आणि पुढच्या आठवड्यात काय, डोळे आणून ठेवणार? अहो, ते पान गेलं तर त्यांची अन्नावरची वासना उडेल. काहीतरी लिहा ना जरा वजनदार. बाकीचे काय सगळं खरंच लिहितात का तिथे?"

सेक्रेटरींनी आयुष्यात कधी नंबर चुकीचा काढला नव्हता. पण बायको उभी राहिली की माणसाला बसून लिहावेच लागते. त्यांनी एकच वाक्य घातले: 'संघाची वार्षिक घाटमोहीम विख्यात असून संस्थापक स्वतः अग्रभागी राहून, कुठेही न थांबता शिखर गाठतात.' आता, शहराबाहेर घाट होता हे खरे. संघाची वार्षिक सहल त्या घाटाच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीपर्यंत जात असे हेही खरे. टपरीच्या पुढे मात्र संघ कधी गेला नव्हता. तिथून टेम्पोने परत फिरण्याचीच प्रथा होती.

चिकित्सकाने वाक्याच्या शेपटाला 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी डकवली आणि प्रस्ताव तूर्त थांबवला.

संदर्भ आपल्या पायांनी चालत आला. एका दैनिकाची रविवार पुरवणी छापायला जाता जाता एक जाहिरात रद्द झाली आणि पाव पान मोकळे पडले. वार्ताहराने ज्ञानकोश उघडला, शोधाशोध केली आणि पाव पानावर 'शिखरावरचे शिलेदार' हा लेख बसवला. सासऱ्यांना त्यात 'वादळाचा स्वार' म्हटले होते. चिकित्सकाने तो लेख ताबडतोब संदर्भ म्हणून जोडला आणि पिवळी पट्टी काढून टाकली. सेक्रेटरींनी चष्मा परत केला. सगळे कसे गोड झाले, आणि अशा वेळी शहाण्या माणसाने घाबरायला हवे असते.

सासऱ्यांनी लेख वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढला. दुसऱ्या दिवसापासून ते भेटायला येणाऱ्यांना तिसऱ्या वळणावरचे धुके कसे गाडीच्या आवाजाने फाटते ते सांगू लागले. रविवारच्या सभेत त्यांनी जाहीर केले, "यंदाची मोहीम पुढच्या महिन्यात. नेहमीप्रमाणे मी पुढे असेन." सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. नेहमी म्हणजे कधी, हे एकानेही विचारले नाही, कारण शिलेदार म्हणून नातवंडांना कात्रण दाखवून झाले होते.

सेक्रेटरींनी हिशेब मांडला. नवा खुबा, जुनी गाडी आणि घाट. ते तडक दुकानात गेले, शटर अर्धे ओढले आणि ज्ञानकोशातले आपले वाक्य खोडले. वाक्य लगेच परत आले. पुन्हा खोडले. पुन्हा आले, आणि या खेपेला चिकित्सकही आला.

'संदर्भ असलेला मजकूर का वगळत आहात?'

'तो खोटा आहे.'

'कशावरून?'

'मीच लिहिला.'

'आपली ही कबुली कुठे प्रसिद्ध झाली आहे का?'

'नाही.'

'मग ते आपले वैयक्तिक मत झाले. शिवाय आपण संघाचे सेक्रेटरी दिसता. संघाबद्दल आपल्याला माहिती असल्यामुळे आपण त्यावर लिहू नये.'

'मग कोणी लिहायचं?'

'ज्याचा संबंध नाही त्याने.'

सेक्रेटरी दैनिकाच्या कचेरीत गेले. वार्ताहर सज्जन होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले.

"खुलासा छापा," सेक्रेटरी म्हणाले. "असली मोहीम कधी झालेली नाही."

"साहेब, आम्ही ज्ञानकोशात खात्री केल्याशिवाय ओळ छापत नाही." त्याने मोबाईल पुढे धरला. "हे बघा. संदर्भासकट आहे."

"अहो, तो संदर्भ तुमच्याच पेपरचा आहे."

"मग झालं तर. आमच्यापेक्षा भरवशाचं आणखी कोण पाहिजे तुम्हाला?"

भरवशाच्या म्हशीला टोणगा. सेक्रेटरींनी मग डॉक्टरांना घरी सासऱ्यांपुढे आणून बसवले, की त्यांनीच एकदा दटावून मनाई करावी. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच मोबाईल चाळला आणि ते सासऱ्यांवर रागावले. "दरवर्षी घाट चढता आणि मला सांगितलं नाहीत? मी तर मनाई करून बसलो. या वयात सवयीचा व्यायाम एकदम बंद करू नये."

राहिले वाहतूक खाते. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले.

"परवानगी नाकारा अशी विनंती घेऊन आलेले तुम्ही पहिलेच. पण नाकारायला कारण लागतं. मोहीम दरवर्षी निर्विघ्न पार पडते असं दिसतंय."

"दरवर्षी होतच नाही हो ती."

"मग गेल्या वर्षी परवानगी कोणी दिली होती?"

"कोणीच नाही. झालीच नव्हती."

अधिकारी खुर्चीत सरळ बसला. "म्हणजे इतकी वर्षं विनापरवाना काढताय. सेक्रेटरी तुम्हीच ना? हे प्रकरण वाढवायचं नसेल तर यंदा रीतसर काढा. मोहीम संपेपर्यंत घाटातून खाली येणारी वाहतूक मी बंद ठेवतो. आणि काढली नाहीत, तर मागचं सगळं उकरावं लागेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घाटात जाणे आता सक्तीचे झाले. शेवटी सेक्रेटरी सासऱ्यांच्या खोलीत गेले. सासरे पलंगावर बसून जुना गॉगल पुसत होते.

"अप्पा, एक सांगायचंय. ते घाटाचं वाक्य मी लिहिलं. तुम्ही तिथे कधी गेला नव्हतात."

सासरे गॉगल पुसतच राहिले. "जावईबापू, मी म्हातारा झालोय, खुळा नाही. दरवर्षी टपरीवर बसून मी वर बघायचो आणि म्हणायचो, पुढच्या वर्षी. मग हा खुबा गेला. तुमचं वाक्य वाचलं त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आता तुम्ही म्हणता ते खरं नाही. बरं, नाही. मग खरं करून टाकू. तुमचं काय जातंय त्यात?"

"तुम्ही जाल ना, अप्पा." सेक्रेटरी म्हणाले.

"जायचं तर सगळ्यांनाच आहे. मी निदान दखलपात्र होऊन जाईन."

सेक्रेटरींनी मनापासून सासऱ्यांवर माया केली होती, हे त्यांनाही त्या खोलीतच कळले. ते बाहेर आले आणि त्यांनी सासऱ्यांच्या गाडीचा स्पार्क प्लग काढून खिशात टाकला.

मोहिमेच्या रविवारी सकाळी टपरीपाशी सगळा संघ जमला. हवालदाराने शिट्टी वाजवली. सदस्यांनी एकसाथ किका मारल्या आणि एकसाथ घाम पुसला. एकही गाडी सुरू झाली नाही. सेक्रेटरी खिशातला प्लग चाचपत मनात हुश्श म्हणत होते, तेवढ्यात टेम्पोवाला सासऱ्यांच्या गाडीपाशी वाकला.

"अध्यक्षसाहेब, प्लगच नाहीये हिला. थांबा, माझ्याकडे एक पडून आहे." मानद सदस्याने सदस्यत्वाला जागून प्लग बसवला. गाडीने धूर सोडला, खाकरली आणि सासऱ्यांना घेऊन घाटाला लागली. मागून टेम्पोत सेक्रेटरी आणि त्यांची बायको. बायको सारखी म्हणत होती, "अप्पा, हळू. अप्पा, बास झालं." आणि अप्पा मागे वळून बघतही नव्हते.

पहिले वळण सासऱ्यांनी देखणे घेतले, ते नाकारून चालणार नाही. दुसऱ्या वळणावर गाडीने तिच्या कारखान्याची परंपरा राखली. ती थांबली, मागे घरंगळली आणि आडवी झाली. सासरे खाली. पाय नको त्या दिशेला वळलेला. बायको टेम्पोतून उडी टाकून धावली. टेम्पोवाल्यासकट तिघांनी मिळून आधी सासऱ्यांना टेम्पोत निजवले, मग त्यांच्या हट्टाखातर गाडीही शेजारी दोरीने बांधली.

"खाली दवाखान्यात," सेक्रेटरी म्हणाले.

वळणावर उभ्या असलेल्या दुसऱ्या हवालदाराने हात आडवा केला. "मोहीम चालू आहे. खाली यायला मनाई आहे."

"अहो, मोहिमेचेच अध्यक्ष पडलेत."

"असू दे. वर जा, शिखरावरून पलीकडे उतरा. हुकूम आहे तसा."

टेम्पो वर निघाला. सेक्रेटरींनी सासऱ्यांचे डोके मांडीवर घेतले होते. तिसऱ्या वळणावर धुके नव्हते, चक्क ऊन होते. शिखर आले तसे सासऱ्यांनी कण्हणे थांबवले, मान उचलली आणि खाली पसरलेले शहर, मैदान, आपल्या घराची गच्ची असे सगळे डोळे भरून पाहिले. मग त्यांनी विचारले, "वळणानंतर आपण कुठे थांबलो का?"

"नाही, अप्पा."

"छान," असे म्हणून ते पुन्हा कण्हू लागले.

दवाखान्यात पोचले तेव्हा प्लॅस्टरच्या खोलीबाहेर त्या दिवसाचे दैनिक पडलेले होते. 'यंदाही शिखर सर' असा मथळा होता. वार्ताहराला रविवारी सुट्टी असल्याने त्याने शनिवारीच बातमी देऊन ठेवली होती. त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी शेवटचा प्रयत्न केला. लेखात त्यांनी एक खरे वाक्य घातले: 'संस्थापक दुसऱ्या वळणावर पडले व टेम्पोतून शिखरावर गेले.' चिकित्सकाने ते पुसले आणि ताकीद दिली की ज्ञानकोशाची नासधूस केल्यास कायमची बंदी येईल. टेम्पोवाल्याला तेवढे वाईट वाटले. "माझं राहू द्या," तो म्हणाला, "पण टेम्पोचा तरी उल्लेख हवा होता."

दोन दिवसांनी शेजारचे गृहस्थ सासऱ्यांना भेटायला आले. पाय प्लॅस्टरमध्ये, दोरीने वर टांगलेला.

"कसं झालं हो हे?"

सेक्रेटरींनी सगळे सांगितले. वळण, पडणे, हवालदार, टेम्पो. गृहस्थांनी मान डोलावत ऐकले, मग हळूच मोबाईल काढला, वाचला आणि सेक्रेटरींकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले.

"इथे तर कुठेही न थांबता पोचले असं दिलंय." त्यांनी टांगलेल्या पायाला वळसा घालून सासऱ्यांचा हात हातात घेतला. "अभिनंदन बरं का."

"आभारी आहे," सासरे म्हणाले, आणि त्यांनी जावयाकडे बघायचे टाळले.

तुम्ही म्हणाल, असा गृहस्थ कुठे असतो का? मोडका पाय डोळ्यांसमोर टांगलेला असताना मोबाईलवर विश्वास ठेवणारा? असा संघ तरी खरंच आहे का, असा घाट तरी? शंका रास्त आहे, अवश्य पडताळून पाहा. फक्त पडताळायला तुमचा हात आत्ता कशाकडे गेला, तेवढं बघा.