काठ शेवटी येतात

"निसर्गाच्या कामात माणसानं ढवळाढवळ करू नये," असं नकाशेवाल्यांनी त्या दुपारी आरामखुर्चीतून जाहीर केलं. वाक्य चांगलं झालं होतं. एखाद्या सभागृहाच्या दारावर कोरून ठेवावं इतपत.

"बरं, मग पाय वर घ्या," बायको म्हणाली. "लादी पुसायचीय."

त्यांनी पाय वर घेतले. डोक्यावर आयव्हीचा वेल भिंतभर पसरला होता आणि गॅलरीतून येणाऱ्या वाऱ्यानं त्याची पानं झोपेत कूस बदलावी तशी हलत होती.

छत्तीस वर्षं एका कचेरीत नकाशे काढले म्हणून त्यांना सगळे नकाशेवाले म्हणत. फक्त थोरली बहीण बाळ्या म्हणे. ही ताई मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली होती, पण ते शाळेपुरतंच. दीड वर्षापूर्वी तिनं आपल्या घरच्या दुरंगी आयव्हीचं रोप एका कुंडीतून आणलं. हिरवी पानं आणि प्रत्येक पानाला दुधावरच्या सायीच्या रंगाचा काठ.

"बाळ्या, हे शेवटचं," ती म्हणाली होती. "कोरफड मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. हेही गेलं तर यापुढे तुला कागदी फुलं."

सदुसष्टाव्या वर्षी हे ऐकून घेतल्यावर माणूस एकतर झाडांचा नाद सोडतो, नाहीतर ईर्ष्येला पेटतो. नकाशेवाले ईर्ष्येला पेटले, म्हणजे कुंडीशेजारी खुर्ची टाकून बसले. आठवण झाली की पाणी घालायचे. आठवण आठवड्याला एकदा व्हायची.

वेल जगला. नुसता जगला नाही, गॅलरीचं दार ओलांडून बैठकीत आला. सुरुवातीच्या पानांना काठ होते, पुढची सगळी साधी हिरवी निघाली. नकाशेवाल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कचेरीत हीच पद्धत होती. आधी आकृती, मग अक्षरं आणि सगळं तपासून झालं की अगदी शेवटी चारी बाजूंनी समासाची रेघ.

"काठ शेवटी येतात," ते बायकोला समजावत. "आधी पान पुरतं भरू दे."

दर रविवारी ते वेलाच्या शेंड्यापाशी भिंतीवर पेन्सिलनं तारीख घालत. वेल चौकटीतून आत आल्यामुळे गॅलरीचं दार लावता येईना. त्यामुळे थंडी आत आली, मग धूळ आली आणि दोघींच्या मागोमाग शेजारचं मांजर आलं. बायको घरात शाल पांघरून भाजी चिरू लागली.

"वेल जरा बाजूला घेऊ का?"

"छे! त्याची दिशा ठरलीय."

ती दिशा घड्याळाची होती. एका कोवळ्या शेंड्यानं लंबकाला अलगद मिठी मारली आणि घरात तीन वाजून वीस मिनिटं झाली. ती तशीच राहिली. तीन वीस ही नकाशेवाल्यांची दुपारच्या झोपेतून उठायची वेळ नव्हे, उठायला अजून दहा मिनिटं आहेत हे कळण्याची वेळ. आता ती दहा मिनिटं कधी संपतच नव्हती. हिरव्या उजेडात ते डोळे मिटून पडत आणि त्यांना एक भलामोठा कोरा कागद दिसे. त्यावर कुणीतरी फार सावकाश रेघ ओढत असे.

अशाच एका तीन विसाला त्यांनी ताईला फोन लावला.

"अकरा हात झाला!"

"अकरा?" ताईनं विचारलं. "दुरंगी आयव्ही? काठ कसे आहेत?"

"येतायत."

"मीही येतेय," ताई म्हणाली. "परवा."

परवाच्या आदल्या दिवशीपर्यंत काठ आले नाहीत. नकाशेवाले पानांसमोर उभे राहिले. मग त्यांनी कपाटातून सगळ्यात बारीक ब्रश आणि पांढऱ्या रंगाची बाटली काढली.

"ढवळाढवळ नको होती ना?" बायकोनं विचारलं.

"ही ढवळाढवळ नाही. आठवण करून देतोय त्याला."

दाराजवळची सात पानं झाली आणि त्यांचा डोळा लागला.

ताई आली. चष्मा पुसून पहिल्या पानासमोर उभी राहिली.

"बाळ्या, हा काठ तू मारलायस."

"कशावरून?"

"सगळीकडे सारखा आहे. आणि तुझा अंगठा पांढरा आहे. कात्री दे."

कात्री बायकोनं दिली. इतक्या तत्परतेनं, की ती शालीतच असावी.

"साधी हिरवी फांदी फुटली की लगेच छाटायची असते, हे सांगायला हवं होतं तुला? खादाड असते ती. बाकीच्यांना वाढूच देत नाही." ताईनं कुंडीपाशी कात्री चालवली आणि वेल ओढला. अकरा हात दीड वर्ष भिंतीवरून फरफर उतरलं. शेवटच्या हिसक्यानं लंबक हलला आणि घड्याळ टिकटिकू लागलं. नकाशेवाल्यांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

"म्हणजे हेही गेलं," ते म्हणाले. "कागदी फुलं पाठव."

ताई कुंडीत वाकून पाहत होती. बराच वेळ तिनं मान वर केली नाही. खाली, अंधाऱ्या कोपऱ्यात, बोटभर फांदी होती. तिला पाच पानं, आणि पाचांना सायीचे काठ. एकही सरळ नव्हता.

"हा जरा वाढला की," ताई म्हणाली, आणि हा आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता, "एक फांदी देशील मला?"

"तुझ्याकडे आहे की."

"होता. कुजला." तिनं कात्री मिटली. "रोज पाणी घालत होते. पानं पुसत होते. दर आठवड्याला जागा बदलत होते."

नकाशेवाले हळूहळू उठले. पांढरा अंगठा त्यांनी सदऱ्यात अडकवला, छाती भरून घेतली.

"ताई, मी नेहमी सांगत आलोय. निसर्गाच्या कामात माणसानं..."

"अहो," बायको म्हणाली, "उठलाच आहात तर तेवढं दार लावा. मांजर येतंय."